टँकर न्हाई, चालायला निघाले

लातूर,
१० फेब्रुवारी २०१६

प्रिय नागुअक्कास,
पंचशीलाचा सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं ठीक आहोत, तुम्ही सगळे खुशाल असाल. देगलूरला अजून नळाला पाणी येतंय हे यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरचं जेवण काय वाचून दाखवून राहिलीस!"

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. मी बोलते, तू "काय? काय?" करतेस आणि शेवटी फोन सुनेकडं देतेस. सुनेला सांगायच्या गोष्टी वेगळ्या, तुला सांगायच्या वेगळ्या. आमच्या यांचा आवाज तेवढा तुझ्या कानाला बरोबर पोचतो. जन्मभर एस.टी. स्टँडवर माइकवर गाड्या पुकारल्या माणसानं. पण तो आवाज आख्ख्या गल्लीलाही पोचतो गं. म्हणून पत्रच बरं. तुझी नजर अजून चांगली आहे आणि माझं अक्षरही.

इथं पाण्याचं काही विचारू नकोस. नळ आहे हेच लोक विसरलेत. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही. गल्लीच्या तोंडाला हॉर्न वाजला की बाया तव्यावरची भाकर तव्यावर टाकून पळतात. परवा आमच्या शेजारणीची, सरजाबाईची, भाकर जळून कोळसा झाली. ती म्हणाली, "जळू दे, भाकर उद्याबी होईल, टँकर उद्या कुणी बघितलाय!"

आणि हे बसतात पेपर घेऊन. उदगीर जिल्हा होणार म्हणून छापून येऊन राहिलंय. रोज मोठ्यानं वाचतात, जसं काही उदगीरची गाडी लागली फलाटाला. मी म्हटलं, आधी पाणी द्या म्हणावं, मग जिल्हा द्या. पण खरं सांगू, वाचलं की मला आपलं लातूर आठवतं. ब्याऐंशी साली उस्मानाबादपासून लातूर वेगळं झालं आणि त्याच नव्या जिल्ह्याच्या ऑफिसात मी लागले. टेबलं आली नव्हती, खुर्च्या आल्या नव्हत्या. आम्ही दोघी-तिघी पोरी सतरंजीवर बसून टपालाची आवक-जावक लावायचो. केवढा उत्साह होता! जिल्हा जणू आम्हीच काढला होता. मागच्या जूनमध्ये त्याच ऑफिसानं शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर कोण बसलं तेही मला माहीत नाही.

तू विचारलंस, देगलूरला कधी येतेस. येते की. जरा पाण्याचं नीट होऊ दे. हल्ली कुठं जावंसंच वाटत नाही. सकाळी उठते आणि पलंगाच्या काठावर बसते, ती बसूनच राहते. केस विंचरायचासुद्धा कंटाळा. पोरगा पुण्याहून फोन करतो, काय चाललंय म्हणतो. मी पाण्याचं सांगते. दुष्काळाचं एक बरं आहे बघ, माणसाला रडायला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

गोळ्या घेते का विचारलंस. घेते. कधीमधी विसरतात. तू तुझ्या घेत जा. मायनं शेत ठेवलं नाही, सोनं ठेवलं नाही, दोघी लेकींना साखरेचा आजार मात्र सारखा वाटून दिला. तेवढ्यात तरी भांडण लावलं नाही.

बाकी काही विशेष नाही. फिकीर करू नकोस.

तुझी,
पंचशीला


लातूर,
८ मार्च २०१६

प्रिय अक्का,
जय भीम.

तुला कळलंच असेल. यांनी तुझ्या मुलाला फोन लावला तेव्हा मी पलंगावर पडून ऐकत होते. फोन नसता तरी आवाज उदगीरपर्यंत गेला असता. पण यांनी सांगितलं त्यातलं अर्धं सोडून दे. मी काही "मरता मरता वाचले" नाही. टँकरच्या रांगेत डोळ्यांपुढं अंधारी आली, खाली बसले आणि मग उठता येईना. एवढंच. सरजाबाईनं आपल्या भरलेल्या घागरीतलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. या दिवसांत कुणी कुणाच्या तोंडावर पाणी मारत नाही अक्का, त्यावरून समज तिचा किती जीव आहे. नंतर ऐकवलंही तिनंच: "पडायचंच होतं तर माझी घागर भरायच्या आधी पडायचं की वो!"

सरकारी दवाखान्यात नेलं. साखर एवढी वाढलेली की डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. डाव्या तळपायाला टाचणी लावली तर मला कळलीच नाही. म्हणाले, असंच चाललं तर आधी पाय जाईल, मग डोळे, मग किडनी. मी नुसतं "हं" म्हटलं. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून परत सांगितलं. मी परत "हं" म्हटलं. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, घरी रडू येतं का?"

आणि काय सांगू, मला तिथंच रडू फुटलं! बाहेर एवढी रांग, हे दाराशी उभे, आणि मी पदर तोंडात कोंबून बसलेली. अगदी लाज आली. यांनी आत येऊन विचारलं, "इंजेक्शन दिलं का?" ते ऐकून बाहेरची रांगसुद्धा गप्प झाली.

मग मला दुसऱ्या खोलीत पाठवलं. दारावर 'समुपदेशन' अशी पाटी. मी यांना म्हटलं, मी वेडी आहे का? मी नाही जाणार. हे म्हणाले, "अगं पंखा हाय आत, बस तर घडीभर." म्हणून गेले. पंख्यासाठी गेले.

आत एक पोरगी. निलंग्याकडची, नाव मल्लम्मा. आजीचं नाव ठेवलंय म्हणे. आपल्या पोरापेक्षा लहान असेल. मी मनात म्हटलं, ही मला काय शिकवणार! तिनं काही शिकवलंच नाही. विचारलं, "मावशी, झोप लागती का?"

मी म्हटलं, "पाण्याची फिकीर असल्यावर कुणाला लागती?"

"पाणी भरून झाल्यावर लागती का?"

मी पंख्याकडं बघत बसले. तीही घाई न करता बसली.

तिचं म्हणणं असं, की साखर आणि उदासपणा एकमेकांना धरून राहतात. साखर वाढली की मन बसतं. मन बसलं की माणूस खाणं, चालणं, औषध सगळं सोडतं, आणि साखर आणखी वाढते. म्हणून दोन्हीवर एकदम इलाज करावा लागतो. आठवड्यातून एकदा तिच्यापाशी येऊन बोलायचं आणि रोज चालायचं. तेवढ्यानं नाही भागलं तर मनासाठीही गोळ्या असतात, त्यात लाजायचं काही नाही, असं म्हणाली. चालायचं किती जोरात? तर बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये इतकं. मी म्हटलं, बाई, मला तर बसूनसुद्धा गाणं म्हणता येत नाही. ती खळखळून हसली. अक्का, मी कुणाला हसवलं त्याला किती दिवस झाले असतील गं.

पण चालणं काही सोपं नाही. तुला माहीत आहे, आपल्याकडं बाई कामाशिवाय चालत नाही. दुसऱ्याच दिवशी पहाटे निघाले, तर प्रत्येक दारातून तोच प्रश्न. "कुठं निघालात?" "एवढ्या सकाळी कुठं?" "सगळं ठीक हाय ना घरी?" कुठंच नाही, नुसती चालते, असं सांगून बघितलं. त्यावर एकीनं विचारलं, "मालकांशी भांडण झालं का?" पुढच्या वळणावरून परत आले आणि पलंगावर बसले. दोन दिवस गेलेच नाही. म्हटलं, हे आपलं काम नव्हे.

मग एक युक्ती सुचली. काखेत रिकामी घागर घ्यायची आणि निघायचं. या गावात सध्या घागर घेतलेल्या बाईला कुणी "कुठं" म्हणून विचारत नाही. आता रोज अशी जाते. फक्त किराणा दुकानवाले धोंडप्पा काल समोरून आले, रिकामी घागर बघितली आणि तसेच उलटे घरी गेले. अपशकुन झाला म्हणे. आपण असलं मानत नाही, पण त्यांचं दुकान उशिरा उघडलं ते माझ्यामुळं, हे सरजाबाईनं मला दोनदा सांगितलं.

पायाला जखम नाही. काळजी करू नकोस.

तुझी,
पंचशीला


लातूर,
१८ एप्रिल २०१६

प्रिय अक्का,
जय भीम आणि जयंतीच्या शुभेच्छा.

यंदा सव्वाशेवी जयंती. पाणी नव्हतं तरी वस्तीतली एक चौकट झेंड्यांवाचून राहिली नाही. पांढरी साडी नेसून विहारात गेले. मागच्या वर्षी मी घरीच पडून होते, तुला कळवलं नव्हतं. तिथं बसल्या बसल्या तुझी आठवण आली. तुझा जन्म दीक्षेच्या आधीचा म्हणून तू नागुबाई, माझा नंतरचा म्हणून मी पंचशीला. एकाच मायच्या पोटच्या दोघी, आणि मधे सगळं जग बदललं. लहानपणी तू माझ्या नावावर किती जळायचीस! "हिला एवढं मोठं नाव कशाला, हाक मारेपर्यंत ही पळून जाती," म्हणायचीस. आठवतं का?

रेल्वेनं पाणी आलं ते पेपरात वाचलं असशील. हे अंघोळ न करता बघायला गेले. पाहुणा येणार तशी लगबग. आल्यावर मला म्हणाले, "गाडी टायमावर आली नाही." पाण्याचं काही नाही, यांना टायमाचं पडलेलं.

आता तुला माझ्या घागरीची गंमत सांगते. गंमत म्हणते आहे खरी, पण त्या दिवशी मला रस्त्यात मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मी रोज पहाटे घागर घेऊन झपाझप निघायची. बोलता यावं, गाणं येऊ नये, त्या वेगानं. आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला, तिथून चौकापर्यंत आणि माघारी. मला वाटायचं, कुणाचं लक्ष नाही. पण दुष्काळात बाईची नजर दुसऱ्या बाईच्या घागरीवरच असते. गल्लीत बोलणं सुरू झालं, की पंचशीलाबाई ऑफिसात होत्या, त्यांना आतून खबर लागते, टँकर कुठं उभा राहतो ते त्यांनाच माहीत. नाहीतर रोज पहाटे एवढ्या घाईनं कोण निघतं?

एके दिवशी मोठ्या रस्त्याला लागले आणि मागं भांड्यांचा आवाज आला. वळून बघते तर सरजाबाई, तिच्या दोन्ही सुना, त्यांच्या मागं पलीकडच्या आळीतल्या बाया, घागरी, हंडे, डबे, एकीनं तर पोराची अंघोळीची बादली उचललेली! मी थांबले की त्या थांबायच्या. मी चालायला लागले की त्याही निघायच्या. मी घाबरून जोरात चालले, तर सगळ्या पळायलाच लागल्या. त्यांना वाटलं, टँकर जवळ आला.

चौकात मी नेहमीसारखी वळले आणि परत फिरले. समोर सगळी फौज. सरजाबाई धापा टाकत म्हणाली, "टँकर कुठं हाय?"

"टँकर न्हाई," मी म्हटलं.

"न्हाई कसा? मग रोज कुठून भरून आणता?"

"मी कधी भरून आणली गं? रिकामीच नेते, रिकामीच आणते."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच का वो?" मागून कुणीतरी बोललं. हसल्या काही जणी, पण सगळ्या नाही हसल्या. एक म्हणाली, "खोटं बोलून राहिल्या. स्वतःपुरतं भरून घेत्यात." अक्का, पाण्यावरून इथं डोकी फुटलीत.

तेवढ्यात पोलीस आला. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागू आहे, एवढ्या बाया हंडे घेऊन बघितल्या आणि आला काठी आपटत. "कुठं निघालात सगळ्या?" म्हणाला. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

आता खोटं काय बोलणार? मी घागर रस्त्यावर ठेवली आणि म्हटलं, "साहेब, कुठंच नाही. मला साखर आहे आणि मला उदासपणाचा आजार आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. नुसतं चालायची लाज वाटते म्हणून मी घागर घेते. या बाया माझ्यामुळं फसल्या."

माझा आवाज एवढा मोठा निघाला की हे असते तर खूश झाले असते.

पोलीस बिचारा काठी या हातातून त्या हातात घेत राहिला. मग ती बादलीवाली म्हणाली, "साखर मलाबी हाय." दुसरी म्हणाली, "मला दोन सालं झाली." सरजाबाई तर रस्त्यातच खाली बसली. म्हणाली, "साखर न्हाई मला. पण ते दुसरं काय म्हणालात, उदासपणा, ते लई हाय. कुणाला सांगू? घरात सांगितलं तर म्हणत्यात, काम कमी पडलं तुला." घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते उगीच नाही गं. ज्या बाईनं माझ्या तोंडावर पाणी मारलं, तिच्या घशाला कोरड पडली होती ते मला शेजारी राहून कळलं नव्हतं.

पोलीस म्हणाला, "चालायचंय तर चाला, पण हंडे घरी ठिवून या. हंड्यांचा जमाव होतो." तेव्हापासून आम्ही रिकाम्या हातानं जातो. सगळ्या येत नाहीत, पण सरजाबाईचा नेम चुकत नाही. कुणी "कुठं निघालात" विचारलं की तीच ओरडते, "टँकर न्हाई, चालायला निघालोय!" धोंडप्पासुद्धा आता उलटे फिरत नाहीत. चालताना साखर एकदम उतरली तर म्हणून शुगर असलेल्यांनी जवळ गूळ ठेवावा हे मल्लम्माचं सांगणं आम्ही पाळतो, त्यामुळं त्यांचा गूळही खपतो.

मल्लम्माकडं दर आठवड्याला जाते. परवा मी तिला म्हटलं, माझा आता कुणाला काही उपयोग उरला नाही. ती म्हणाली, "हे कुणी सांगितलं?" म्हटलं, कुणी कशाला सांगायला पाहिजे, मला कळतं. तर म्हणते, "मावशी, ऑफिसात कुणी बिनसहीचा कागद आणला असता, तर तुम्ही आवक केला असता का?" तेहतीस वर्षं नोकरी केली, बिनसहीचा कागद एकदाही आत घेतला नाही मी. घरी येईपर्यंत त्याचाच विचार करून राहिले. रोज एक तरी काम असं करायचं जे पूर्वी आवडायचं, हेही तिनंच सांगितलं. म्हणून काल आंबाड्याची भाजी केली. हे ताटाकडं बघून म्हणाले, "कोण पाहुणा येणार हाय?"

तिनं आणखी एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. तुलाही नाही लिहीत आत्ता.

तुझी,
पंचशीला


लातूर,
२४ मे २०१६

अक्का,
जय भीम.

तुझं पत्र शनिवारी आलं. तेव्हापासून तीन वेळा लिहायला बसले आणि उठले. आज पुरं केल्याशिवाय उठणार नाही.

आधी माझं सांगते, मग तुझ्यावर येते.

मी तुला फेब्रुवारीत लिहिलं होतं, गोळ्या कधीमधी विसरतात. डॉक्टरांनाही तेच सांगितलं, यांनाही तेच. मल्लम्मानं विचारलेला प्रश्न त्याचाच होता. "मावशी, जिल्ह्याचं टपाल सांभाळलेली बाई गोळ्या विसरत असंल असं मला वाटत न्हाई. तुम्ही विसरता, की घेत न्हाई?" पुढचे दोन आठवडे मी तिच्याशी सगळं बोलले, एवढं सोडून. तिनंही परत विचारलं नाही. मग मीच सांगितलं.

मी विसरत नव्हते अक्का. दिवाळीपासून मी ठरवून घेत नव्हते. यांच्यासमोर पाण्याचा पेला तोंडाला लावायची आणि गोळी मुठीत ठेवायची. मला मरायचं होतं असं म्हणायला जीभ वळत नाही. पण उद्या उठायचं नव्हतं, हे खरं. वाटायचं, साखरेनं गेली तर कुणावर बोल येणार नाही. यांच्यावर नाही, पोरावर नाही. मायचंच दुखणं लेकीला लागलं म्हणतील, दोन दिवस रडतील आणि होईल सगळं शांत. रांगेत पडले तेव्हा सरजाबाईनं पाणी मारलं नसतं तर बरं झालं असतं, असंसुद्धा मला त्या दिवशी वाटलं होतं. तुला मात्र गंमत करून लिहिलं.

मल्लम्मा घाबरली नाही, रागावली नाही. "बोललात ते लई बरं केलंत," म्हणाली आणि माझा हात धरून बसली. त्याच दिवशी डॉक्टरांपाशी नेलं. त्यांनी सगळं विचारलं. आता आठवड्यातून दोनदा बोलायला जाते. यांनाही सांगायला पाहिजे, म्हणाली, पण एकटीनं नको, माझ्यासमोर सांगा.

मी यांना तिच्या खोलीत बोलावून सांगितलं. अक्का, त्यांनी काहीतरी म्हटलं आणि मला ऐकूच आलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी यांना "काय म्हणालात?" विचारलं. एवढ्या बारीक आवाजात परत म्हणाले, "मला एकट्याला ठिवून निघाली होतीस व्हय?"

त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून घरापर्यंत चालत आलो. आता सकाळी हे गोळी आणि पाणी घेऊन समोर बसतात. मी गिळली की माझ्याकडं बघून मान डोलावतात. मला राग येतो आणि बरंही वाटतं. साखर उतरायला लागली आहे, अजून पुरती उतरलेली नाही. मी पूर्ण बरी झाले असं लिहीत नाही. काही दिवस चांगले जातात, काही दिवशी परत पलंगाच्या काठावर बसावंसं वाटतं. बसते थोडी. मग सरजाबाई दारात येऊन बोंबलते आणि चप्पल घालावीच लागते.

हे सगळं माझं झालं. आता तुझं पत्र.

तू लिहिलंस, जयंतीलाही विहारात गेले नाही. कानाला ऐकू येत नाही, लोक एक बोलतात, मी दुसरंच उत्तर देते, पोरं हसतात, त्यापेक्षा घरात बरी. मग लिहिलंस, साखरेच्या गोळ्या संपून महिना झाला, ज्याला त्याला आपली कामं, कुणाला आणायला सांगू. आणि खाली सुनेचं कौतुक, नातवाचा पहिला नंबर, आंब्याला मोहर चांगला होता, पाऊस यंदा होईल म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली होती तिथं, बारीक अक्षरात: "आता या वयात एवढ्या गोळ्या खाऊन तरी काय करायचं."

हे वाक्य मी दहा वेळा वाचलं. दुसऱ्या कुणाला ते म्हातारीचं बोलणं वाटलं असतं. चार महिन्यांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं. आता नाही वाटत. असं पत्र कसं लिहितात ते मला माहीत आहे. वर सगळं खुशाल आणि खाली एक ओळ, कुणाचं लक्ष जाऊ नये अशी.

म्हणून मी येत आहे. पुढच्या आठवड्यात, शनिवारी, उदगीरमार्गे जी गाडी येते तिनं. हे गाडीचा टाइम काढून बसलेत. तुझ्या गोळ्या मी इथूनच घेऊन आले असते, पण तुला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही द्यायचं नाही, असं मल्लम्मानं बजावलंय. देगलूरला दाखवू. कानांचंही बघू. तिथं मल्लम्मासारखं बोलायला कुणी नसलं तर तुला माझ्याबरोबर लातूरला घेऊन येईन. पाणी नाही आमच्याकडं, पण तुझ्यापुरतं निघेल. सुनेला वाईट वाटेल याची चिंता करू नकोस, तिच्याशी मी बोलेन. तिची चूक नाही, तू तिला कळूच दिलं नसशील. आपल्या घरच्या बायांना ते फार चांगलं जमतं.

अक्का, तुला जगायचं आहे ना?

हे मला तुझ्यासमोर बसून विचारता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तिथं मला ते ओरडून विचारावं लागेल, आणि असली गोष्ट ओरडून विचारता येत नाही. म्हणून लिहून विचारते आहे. मी येईपर्यंत हे तुझ्या हातात पडेल. मला उत्तर लिहू नकोस. मी घरात आले की कुणाला काही कळू न देता फक्त मान हलव. हो असेल तर हो. नाही असेल तर नाही. मला खोटी मान हलवू नकोस एवढंच, कारण ती मला लगेच ओळखू येईल. नाही म्हणालीस तरी मी रडणार नाही, भांडणार नाही, उपदेश करणार नाही. तुझा हात धरून दाराबाहेर काढीन आणि आपण दोघी चालायला लागू.

जन्मभर मी तुझ्या मागून चालत आले. या खेपेला तू माझ्यामागून ये.

तुझ्या पाठची,
पंचशीला